पिन कुर्ल्यातच का पडते? आयपीवरून माणूस शोधायला निघण्याआधी

गणपतीला महिना राहिला होता. रात्री साडेदहाला दुकानाचं शटर अर्धं ओढलं होतं, तेवढ्यात आमच्या मंडळाचे सेक्रेटरी वाकून आत आले. मागे खजिनदार. त्यांच्यामागे मंडळाची वेबसाइट बनवून देणारा कॉलेजातला पोरगा, हातात छापील कागद.

प्रकरण असं होतं. मंडळाच्या वर्गणीच्या पानावर संदेश लिहायला एक चौकट आहे. लोक तिथे ‘गणपती बाप्पा मोरया’ लिहितात. चार दिवसांपूर्वी ‘एक भक्त’ या नावाने कोणीतरी लिहिलं, ‘मागच्या वर्षीच्या डेकोरेशनचा हिशोब बोर्डावर कधी लागणार?’ पोराने त्या संदेशाचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवरच्या जोडणीचा आकड्यांतला नंबर, काढला, एका फुकट साइटवर टाकला, नकाशा उघडला. लाल पिन कुर्ला पश्चिमेला. आणि आमचे जुने खजिनदार तीन वर्षांपूर्वी भांडुपची खोली विकून कुर्ल्यालाच राहायला गेलेत. जाताना चांगले भांडून गेलेत.

“त्याच्या बिल्डिंगपासून पाचशे मीटर. मोजलंय मी,” सेक्रेटरी म्हणाले. “आणि वेळ बघ. दुपारी ४ वाजून १२ मिनिटं. रिटायर माणूस, त्या वेळी दुसरं करतो काय?”

मी त्यांना माझ्या दुकानाच्या वायफायवर तीच साइट उघडायला लावली. पिन पडली. कुर्ला पश्चिम, तोच रस्ता, तोच कोपरा.

“मग आता आपण चौघं कुर्ल्यात उभे आहोत का?”

मी भांडुपमध्ये नेट विकतो. नव्वदच्या दशकात गच्च्यांवरून केबल टीव्हीच्या वायरी ओढायचो, आता त्याच गच्च्यांवरून फायबर ओढतो. लोक अजूनही केबलवालाच म्हणतात. अशा पिना घेऊन येणारी माणसं हल्ली वाढलीत. सोसायटीचे चेअरमन येतात, क्लासवाले येतात, एकदा तर मुलीच्या सासरची चौकशी करायला एक वडील आले होते. सगळ्यांना तेच तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदा लिहून काढतोय.

पत्ता माणसाचा नसतो, कंपनीचा असतो

हे आधी डोक्यात बसवा, पुढचं सोपं जाईल. जगभरच्या आयपी पत्त्यांचा साठा आयाना नावाच्या व्यवस्थेकडे. तिथून आशिया-पॅसिफिकचा वाटा ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला असलेल्या एपनिककडे. आपल्याकडे निक्सी या इंटरनेट संस्थेच्या हाताखालची नोंदणी संस्था, आणि तिथून नेट कंपन्या. कंपनी हजारो पत्त्यांचा गठ्ठा घेते आणि आपल्या सोयीने वापरते. आज एखादा पत्ता भांडुपच्या ग्राहकाला, पुढच्या महिन्यात तोच कल्याणला. त्यासाठी कंपनी कोणत्याही नकाशावाल्याला फोन करून कळवत बसत नाही.

शिवाय पत्ते पुरत नाहीत. जुन्या पद्धतीचे, चार आकड्यांत लिहायचे पत्ते एकूण सुमारे ४३० कोटी, आणि आयानाकडचा साठा फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपला. म्हणून आम्ही एका बाहेरच्या पत्त्यामागे बरीच घरं बसवतो. धंद्यात त्याला सीजी-नॅट म्हणतात. ज्यांनी पीपी नंबर पाहिलाय त्यांना हे चटकन कळेल. पूर्वी व्हिजिटिंग कार्डावर नंबरापुढे ‘पी.पी.’ लिहिलेलं असायचं. फोन खालच्या वाण्याचा, आणि हाक मारून बोलवायचं चौथ्या मजल्यावरच्या माणसाला. नंबरावरून फार तर वाणी कळायचा. त्याच्या दुकानातून त्या वेळी बोलत कोण होतं, ते वाण्यालाच ठाऊक. सीजी-नॅटमध्ये नेट कंपनी म्हणजे तो वाणी.

हातातला पत्ता मुळात कामाचा आहे का ते बघा

अर्धी भांडणं इथेच मिटतात. पत्ता १९२.१६८ ने किंवा १० ने सुरू होत असेल, किंवा १७२.१६ ते १७२.३१ मधला असेल, तर तो घरातल्या नाहीतर ऑफिसातल्या आतल्या जाळ्याचा आहे. असे पत्ते गल्लोगल्ली तेच असतात, त्यांना नकाशात जागाच नाही. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा असेल तर तो वर सांगितलेल्या सीजी-नॅटच्या आतला. यातला पत्ता टाकूनही एखादी साइट पिन दाखवत असेल, तर बहुतेक ती तुमचंच ठिकाण दाखवतेय.

दुसरी गफलत वेबसाइटवाल्यांची. पान लवकर उघडावं म्हणून वेबसाइटच्या पुढे क्लाउडफ्लेअरसारखी सेवा लावलेली असते. नीट सेटिंग केलं नसेल तर वेबसाइटच्या नोंदीत येणाऱ्या माणसाचा नाही, त्या सेवेचाच पत्ता पडतो. ईमेलचंही तसंच. जीमेलच्या वेबसाइटवरून पाठवलेल्या पत्राच्या आतल्या तांत्रिक नोंदीत पाठवणाऱ्याच्या घरचा पत्ता नसतो, गूगलच्या सर्व्हरचा असतो. तो नकाशावर टाकून ‘मेल अमेरिकेतून आलाय’ म्हणणारे मी पाहिलेत. पाठवणारा मुलुंडला.

आणि नुसता पत्ता लिहून घेऊ नका. तारीख, सेकंदापर्यंतची वेळ, ती वेळ कुठल्या देशाच्या घड्याळाची, आणि सोर्स पोर्टचा नंबर, हे चारही पाहिजेत. पोर्ट म्हणजे पीपी फोनवर ‘चौथा मजला, डावीकडची खोली’ असं सांगणं. तो नसेल तर कंपनीलाही एका पत्त्यामागची सगळी घरं दिसतात, एक घर दिसत नाही.

पिन कशी पडते

ठिकाण सांगणाऱ्या कंपन्यांकडे एक मोठी यादी असते. अमुक पत्त्यापासून तमुक पत्त्यापर्यंत, देश अमका, शहर तमकं. यादी नोंदणीच्या कागदांवरून बनते, नेट कंपन्यांनी स्वतः कळवलेल्या माहितीवरून बनते, आणि बराच भाग अंदाजाने भरलेला असतो. यादीत ‘मुंबई’ एवढंच लिहिलेलं असलं तरी नकाशाला मात्र एक ठिपका लागतो. मग शहराचा म्हणून ठरलेला मध्यबिंदू टाकून मोकळे होतात. मुंबईसाठी अनेक याद्यांत हा बिंदू १९.०७ अक्षांश आणि ७२.८८ रेखांशाच्या जवळपास आहे. नकाशात टाकून बघा. कुर्ला.

म्हणजे कुलाब्याच्या माणसाची पिन कुर्ल्यात, दहिसरच्या माणसाची कुर्ल्यात, आणि भांडुपला माझ्या दुकानात बसलेल्या सेक्रेटरींचीही कुर्ल्यात. निम्मी मुंबई तिथे भाड्याने राहते, असं मी पोरांना सांगतो.

हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही ही. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एका शेतावर याने अक्षरशः आफत आणली. मॅक्समाइंड ही या धंद्यातली मोठी कंपनी. ज्या पत्त्याबद्दल ‘अमेरिका’ यापलीकडे काही माहीत नाही, त्यासाठी तिने देशाचा मध्य धरून सोपे गोल आकडे टाकले, ३८ उत्तर, ९७ पश्चिम. तो ठिपका बरोबर त्या शेतघराजवळ. ६० कोटींहून जास्त आयपी पत्ते तिथे दाखवले जात होते. वर्षानुवर्षं त्या घरी पोलीस यायचे, पळून गेलेली मुलं शोधणारे यायचे, फसवले गेलेले लोक शिव्या घालायला यायचे. २०१६ मध्ये एका पत्रकार बाईंनी हे उघडकीला आणलं, तेव्हा कंपनीने तो ठिपका उचलून एका जलाशयात नेऊन टाकला. आता पाण्यात कोण जाणार दार वाजवायला.

तेव्हा पिन बघण्याआधी अक्षांश-रेखांश वाचा. त्याच साइटवर त्याच शहरातले आणखी दोन-चार पत्ते टाका. सगळ्यांचे आकडे तेच आले तर तो मध्यबिंदू, ठिकाण नव्हे. काही साइट पिनसोबत किलोमीटरमध्ये त्रिज्याही देतात. लोक ती वाचतच नाहीत. ५० लिहिलं असेल तर त्याचा अर्थ पिनभोवती ५० किलोमीटरच्या वर्तुळात कुठेतरी, तेही खात्रीने नाही. कुर्ल्यावर एवढं वर्तुळ काढलंत तर वसई, पनवेल, अलिबाग, अर्धा समुद्र, सगळं आत येतं. मॅक्समाइंड स्वतःच सांगते की आमच्या माहितीवरून घर किंवा गल्ली शोधू नका. तेही कोणी वाचत नाही.

एक फसवी गोष्ट आणखी. ‘माझा आयपी कुठला’ सांगणाऱ्या काही साइट फोनवर लोकेशनची परवानगी मागतात. तुम्ही ‘हो’ दाबलंत की पिन थेट तुमच्या बिल्डिंगवर. मग लोक म्हणतात, बघा किती अचूक! ते जीपीएस आणि आजूबाजूच्या वायफायवरून काढलेलं ठिकाण आहे, आयपीवरून नाही. पारखायचं असेल तेव्हा परवानगी नाकारा.

पिनपेक्षा नाव बघा

मला विचाराल तर नकाशा बंद करा आणि पत्ता कोणाच्या नावावर आहे ते काढा. त्याला हूइज म्हणतात, एपनिकच्या साइटवर फुकट होतं. तिथे दिसणारा पोस्टाचा पत्ता कंपनीच्या ऑफिसचा असतो, तिकडे फिरकू नका. नावावरून मात्र बरंच कळतं.

नाव मोबाइल कंपनीचं असेल तर शहर विसरा. मोबाइलचा डेटा कंपनीच्या मोठ्या केंद्रातून बाहेर पडतो. आमची मावशी गुहागरला अंगणात बसून व्हिडिओ कॉल करते आणि तिचा पत्ता कधी मुंबई, कधी पुणे दाखवतो. परदेशातून आलेला माणूस तिकडच्याच सिमवर रोमिंग वापरत असेल तर त्याचा डेटा बहुतेक वेळा मायदेशी फिरून बाहेर पडतो. दुबईचा भाचा माझ्या शेजारी बसून वडापाव खात होता, पत्ता अमिरातीचा.

नाव घरगुती ब्रॉडबँडचं असेल तर शहर बरोबर असण्याची शक्यता बरी. पण माझ्यासारखे छोटे विक्रेते मोठ्या कंपनीचं नेट विकतात, आणि तिच्याकडच्या पत्त्यांची नोंद भलत्याच गावी असू शकते. माझ्याच एका गठ्ठ्याला एक साइट सहा महिने अहमदाबाद म्हणत होती. ग्राहक तक्रार करायचे, जाहिराती गुजरातीत येतात म्हणून. दुरुस्तीचा अर्ज त्या यादीवाल्या साइटकडे करावा लागतो. प्रत्येक साइटला वेगळा.

नाव एखाद्या मोठ्या ऑफिसचं असेल तर माणूस ऐरोलीत आणि पत्ता बंगळूरचा नाहीतर सिंगापूरचा, कारण ऑफिसचं सगळं नेट एकाच दारातून जातं. डेटा सेंटरचं नाव निघालं तर बहुधा व्हीपीएन, म्हणजे खरा पत्ता लपवून दुसराच दाखवणारी सेवा, आणि तिथे शोध थांबवायचा. भारताचा पत्ता दिसतोय म्हणून सर्व्हर भारतात आहे असंही समजू नका. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षं ठेवायला सांगितलं. त्यावर काही मोठ्या कंपन्यांनी इथली यंत्रं हलवली, आणि सिंगापूरसारख्या ठिकाणी बसून भारताचे पत्ते द्यायला लागल्या.

पिंग मारून खोटं पकडता येतं, खरं सापडत नाही

ज्यांना काळी खिडकी उघडून आज्ञा टाइप करायची सवय आहे त्यांच्यासाठी. पिंग म्हणजे समोरच्या यंत्राला हाक मारायची आणि ओ यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे पिंगचं उत्तर एक मिलिसेकंदात आलं तर समोरचं यंत्र जास्तीत जास्त १०० किलोमीटरवर. मुंबईहून दिल्ली सरळ रेषेत साधारण ११५० किलोमीटर, जाऊन-येऊन किमान ११-१२ मिलिसेकंद लागणारच. ‘दिल्ली’ लिहिलेला पत्ता भांडुपहून मारल्यावर ३ मिलिसेकंदात उत्तर देत असेल तर तो दिल्लीत नाही, हे पक्कं. उलटं मात्र सांगता येत नाही. ४० मिलिसेकंद लागले म्हणजे यंत्र लांब आहे असं नाही, वाटेत गर्दी असेल, तार नाशिकला वळसा घालून येत असेल. सीजी-नॅटच्या मागे तर उत्तर कंपनीचं यंत्र देतं, ग्राहकाच्या घरातलं नाही.

ट्रेसरूटमध्ये वाटेतल्या यंत्रांची नावं दिसतात, त्यांत शहराची खूण असते. बीओएम किंवा एमयूएम असेल तर मुंबई, पीएनक्यू असेल तर पुणे. बीओएम आणि पीएनक्यू ही तर विमानतळाचीच अक्षरं. पण नाव देणारा माणूसच असतो. यंत्र एका गावातून दुसऱ्या गावी हलवलं आणि नाव बदलायचं राहून गेलं, हे आम्हीही केलंय.

स्वतःची परीक्षा घ्या

एक रविवार घालवा. दहा-बारा नातेवाईकांना सांगा, घरच्या वायफायवर आणि नंतर मोबाइल डेटावर, लोकेशन बंद ठेवून, आयपी सांगणारी साइट उघडा आणि फोटो पाठवा. वहीत रकाने करा: खरा पिनकोड, घरचं की मोबाइल, देश, राज्य, शहर. पत्ते तीन वेगवेगळ्या साइटवर टाका. ज्याच्याकडे नवीन लांबलचक सहाव्या आवृत्तीचा पत्ता आणि जुना चार आकड्यांचा असे दोन्ही असतील, त्याचे दोन्ही तपासा. जिओ आल्यापासून आपल्याकडे मोबाइलवर सहावी आवृत्तीच जास्त दिसते. एकाच फोनच्या दोन पत्त्यांची दोन शहरं निघाली की घरातल्यांना फार मजा वाटते.

आमच्या वहीत देश रोमिंगवाला भाचा सोडून सगळ्यांचा बरोबर आला. राज्य घरच्या वायफायवर बहुतेक बरोबर. मोबाइलवर शहर म्हणजे मटका. आणि तीन साइटचं एकमत झालं म्हणून खूश होऊ नका, तिघांनी एकाच ठिकाणाहून यादी घेतलेली असू शकते. तिन्हींत फरक पडला तर ते जास्त उपयोगाचं, कारण त्या पत्त्याबद्दल कोणालाच नक्की माहीत नाही एवढं तरी कळतं.

आता मोठ्या कंपन्याही हे लेबल लावायला लागल्यात. चीनमध्ये वेइबो या सोशल साइटवर एप्रिल २०२२ पासून लिहिणाऱ्याचा प्रांत दिसतो, एक्सवर नोव्हेंबर २०२५ पासून खात्याचा देश. देश किंवा प्रांत इतकंच दाखवतात, गल्ली नाही, हे लक्षात घ्या. तेवढ्यातही व्हीपीएनवाले सुटतातच.

खरंच गुन्हा असेल तर

धमकी असेल, पैशाची फसवणूक असेल, कोणाचे फोटो फिरवले असतील तर स्वतः पिन शोधत बसू नका. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० ला फोन, बाकीसाठी राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टल किंवा जवळचं पोलीस ठाणं. नेट कंपन्यांना नोंदी किमान दोन वर्षं ठेवाव्या लागतात, पण त्या पोलिसांनी कायदेशीर पत्र दिल्यावर द्यायच्या असतात. सेक्रेटरींनी नाही.

आणि पोलिसांच्या हातातही हे शंभर टक्के नसतं. २००७ मध्ये ऑर्कुट या तेव्हाच्या सोशल साइटवर शिवाजी महाराजांबद्दल आक्षेपार्ह मजकूर टाकल्याच्या आरोपावरून पुणे पोलिसांनी बंगळूरच्या एका सॉफ्टवेअर इंजिनीअरला धरून आणलं. सुमारे ५० दिवस तो आत होता. मग कळलं, तो आयपी पत्ता त्याचा नव्हताच, कंपनीकडून आलेली माहिती चुकली होती. नकाशावरच्या फुकट पिनेची नाही, ही खुद्द वाण्याच्या वहीची गोष्ट आहे.

त्या रात्री सेक्रेटरी इथपर्यंत ऐकून घेऊन म्हणाले, “बरं, कुर्ला सोड. पत्ता तुझ्या कंपनीचा आहे ना? मग वही तुझ्याकडे असणार.” पत्ता ओळखीचा होता खरा, पहिले तीन आकडे मी रोज बघतो. वही कंपनीकडे असते, माझ्याकडे नाही, आणि असती तरी दाखवली नसती. मी पोराला पोर्ट नंबर विचारला. “ते काय असतं?” तो म्हणाला.

मग मी वेळ विचारली. म्हणजे कागदावरचे ४ वाजून १२ मिनिटं कुठल्या घड्याळाचे. त्याने मोबाइलवर सर्व्हरचं पान उघडलं, खाली सरकवत सरकवत गेला, आणि गप्प झाला. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर होता. जवळपास सगळे असेच असतात, सेटिंग बदललं नाही तर. आपल्या घड्याळासाठी साडेपाच तास मिळवायचे. रात्रीचे ९ वाजून ४२ मिनिटं.

संदेश आला त्या रविवारी रात्री नऊ ते साडेदहा शाळेच्या हॉलमध्ये मंडळाची मीटिंग होती. कार्यकारिणीचे सगळे अकरा जण हजर होते, हजेरीपटावर सह्या आहेत. हॉलमधलं वायफाय मीच लावून दिलंय.

सेक्रेटरींनी खजिनदारांकडे बघितलं. खजिनदारांनी पोराकडे. पोराने कागदाची चार वेळा घडी घातली आणि खिशात टाकला. मी उरलेलं शटर ओढायला घेतलं.